खडीसाखरेची डबी आणि दातांवरचे पांढरे पट्टे

डिसेंबरात पार्ल्याच्या एका छोट्या सभागृहात माझ्या शिष्यांचा कार्यक्रम होता. मंचामागच्या खोलीत आरशावर झगझगीत दिवे होते. पदर सारखा करताना सहज आरशात हसून बघितलं, तर वरच्या पटाशीच्या दातांवर, अगदी हिरडीला लागून, खडूने रेघ ओढावी तसे पांढरे पट्टे दिसले. वाटलं पावडर लागली असेल. रुमालाने पुसलं, तर पट्टे आणखी ठळक झाले. मग जीभ फिरली, दात ओले झाले आणि पट्टे निम्मे विरून गेले. तेवढ्यात तानपुरे जुळल्याचा निरोप आला आणि मी बाहेर गेले. पण त्या दिवशी तराणा गाताना पहिल्यांदाच माझं लक्ष जिभेच्या टोकाकडे होतं. तोम, तन, देरे, दानी... तराण्याचे बहुतेक बोल दंत्य. जीभ दर वेळी त्याच दातांच्या मागे जाऊन टेकते.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे, गिरगावात राहते आणि गेली बावीस वर्षं गाणं शिकवते. दातांची मी कधी हयगय केली नव्हती. सकाळी घासायचे, जेवल्यावर खळखळून चूळ भरायची, दुखलं तर लवंगेचं तेल लावायचं. आमच्या घरात आजी मशेरी लावायची, वडील राखुंडी वापरायचे. त्यामानाने मी टूथपेस्टवाली, म्हणजे सुधारलेली. थंड पाणी प्यायलं की सुळ्यापाशी शिरशिरायचं, पण वय झालं की होतं असं, म्हणून सोडून दिलं होतं.

आधी एका दवाखान्यात गेले. तिथे पाच मिनिटांत निकाल लागला. सहा दात किडलेत, कोरून सिमेंट भरू, वरून लेझर मारून दात पांढरेशुभ्र करून देऊ, सगळं मिळून अमुक इतके हजार. आकडा मोठा होता, पण मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. मी काय खाते, कुठल्या गोळ्या घेते, तोंड कोरडं पडतं का, यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. टोकदार आकडी त्या पांढऱ्या जागेवर दाबून बघितली आणि वहीत तारीख लिहायला घेतली. मी ‘घरी विचारून सांगते’ म्हणून उठले. आज वाटतं, त्या दिवशी तिथे बसले असते तर माझे सहा दात कोरले गेले असते आणि त्यांतले निदान पाच तरी विनाकारण.

एका शिष्येच्या आईने दादरच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. चर्नी रोडहून धीमी लोकल पकडून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे गेले. डॉक्टर वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण बोलणं सावकाश. त्यांनी सगळ्यात आधी माझे दात मऊ ब्रशने स्वच्छ केले. मग हवेची नळी एकेका दातावर पाच सेकंद धरली आणि माझ्या हातात आरसा दिला.

“ताई, आता बघा. ओला असताना हा डाग दिसत नव्हता, वाळल्यावर दिसतोय. म्हणजे अगदी सुरुवात आहे. आणि हा शेजारचा ओला असतानाही दिसतो, म्हणजे जरा खोल गेलाय. पण खड्डा एकाही ठिकाणी नाही.”

ओलं-कोरडं याने काय फरक पडतो, असं मी विचारलं. त्यांनी दिलेलं उत्तर मी नंतर घरी धुणं वाळत घालताना पुन्हा पुन्हा आठवलं. पांढरं मलमल भिजलं की पारदर्शक दिसतं आणि वाळलं की पुन्हा पांढरं. धाग्यांमधल्या फटींत पाणी असलं की उजेड सरळ आरपार जातो, हवा असली की विखुरतो. दाताचंही तेच. बाहेरचं एनॅमल वजनाने जवळजवळ शहाण्णव टक्के खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे घट्ट बसवलेले स्फटिक. आम्लाने त्यातलं खनिज झिरपून गेलं की बारीक बारीक छिद्रं उरतात. तीच वाळली की पांढरी दिसतात.

आणि गंमत म्हणजे वरचा पापुद्रा बराच काळ शाबूत राहतो, पोकळी त्याच्याखाली होते. आमच्या चाळीच्या भिंती मी लहानपणापासून बघत आलेय. पावसाळ्यात ओल धरली की गिलावा वरून धडधाकट दिसतो, बोटाने वाजवला की पोकळ आवाज येतो. त्या गिलाव्यावर कुणी पहार घातली तर भिंत वाचवायची संधीच गेली. म्हणूनच त्या पांढऱ्या डागावर टोकदार आकडी दाबायची नसते, असं डॉक्टर म्हणाल्या. वरचा पापुद्रा मोडला की तिथे खरोखरचा खड्डा होतो, आणि मग भरण्यावाचून इलाज नाही. पापुद्रा शाबूत आहे तोवर आत खनिज परत भरता येतं.

हे मला ठाऊकच नव्हतं. कीड म्हणजे एकदा लागली की पुढेच सरकणार, अशीच माझी समजूत. एनॅमल नव्याने उगवत नाही हे खरंच आहे, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. पण उरलेल्या स्फटिकांवर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट पुन्हा बसतं. दिवसभर दातावर ही देवघेव चाललेली असते. आम्ल आलं की दात देतो, लाळेने ते शमलं की परत घेतो. देणं घेण्यापेक्षा जास्त झालं की कीड.

मग दोन एक्स-रे काढले. ते करून झाल्यावर डॉक्टरांनी मला मेणाचा तुकडा चघळायला दिला आणि पाच मिनिटं सुटलेली सगळी लाळ एका खुणांच्या पेल्यात थुंकायला सांगितली. गाणाऱ्या बाईला असं थुंकत बसायला फार संकोच वाटतो, पण त्या पाच मिनिटांनीच माझं निदान केलं. पेल्यात साडेतीन मिलिलिटर. म्हणजे मिनिटाला पाऊण मिलिलिटरही नाही. चघळताना मिनिटाला एक ते दोन मिलिलिटर तरी सुटायला हवी.

“कुठली गोळी रोज घेता?”

धुळीच्या सर्दीसाठी मी तीन वर्षं रोज रात्री सेटिरिझिन घेत होते. समोर इमारत पाडून टॉवर उभा राहतोय, गच्चीत धुळीचा थर बसतो, सकाळी नाक बंद असलं की रियाज होत नाही. त्या गोळीने तोंड कोरडं पडतं. तोंड कोरडं पडलं की घसा ओढल्यासारखा होतो. घसा ओढला की मी काय करायचे, ते सांगायला मात्र मला थोडा वेळ लागला.

माझ्या पर्समध्ये एक चांदीची डबी असते. बाईंनी, म्हणजे माझ्या गुरूंनी, मी पहिल्यांदा एकटी मैफिलीला बसले तेव्हा दिलेली. तिच्यात खडीसाखर, लवंग आणि वेलदोडे. गालात खडीसाखरेचा खडा ठेवायचा आणि तो विरघळेपर्यंत घसा ओला राहतो. बाई हेच करत आल्या, त्यांच्या गुरूंनीही हेच केलं असणार. सहा तास शिकवणी म्हणजे सात-आठ खडे सहज.

डॉक्टरांनी तीन दिवसांची वही लिहायला सांगितली. तोंडात काय गेलं, किती वाजता, इतकंच. प्रमाण लिहायचं नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या दिवसाच्या पानावर गोड पदार्थ चौदा वेळा. चार वेळा साखरेचा चहा, एकदा शिरा, एकदा बिस्किटं, बाकी सगळी खडीसाखर. मी मिठाई खाणारी बाई नाही. जिलबी माझ्या पानात पडून राहते. तरी चौदा!

त्यावर डॉक्टरांनी कागदावर एक आलेख काढून दाखवला. स्टीफन नावाच्या संशोधकांनी १९४० च्या दशकात मोजून काढलेली ती रेघ. साखर तोंडात गेली की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांतच तिचं आम्ल करतात, रेघ झपकन खाली येते आणि साडेपाच पीएचच्या खाली गेली की एनॅमल विरघळायला लागतं. (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त.) लाळ तिला अर्ध्या ते एका तासात हळूहळू वर आणते. माझ्या बाबतीत रेघ वर यायच्या आतच पुढचा खडा तोंडात असायचा. डॉक्टरांनी माझी वही शेजारी ठेवून दिवसभराची रेघ काढली, ती सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत जवळजवळ जमिनीवरच लोळत होती. आणि लाळ कमी, म्हणजे वर उचलणाराही अशक्त. एका वेळी पाच पेढे खाल्ले तर रेघ एकदा खाली जाते. एक पेढा पाच वेळा चिमटी-चिमटीने खाल्ला तर पाच वेळा. हा हिशेब शाळेत कुणी का शिकवत नाही, असं मला तेव्हा फार तळमळून वाटलं.

पहिल्याच भेटीत फ्लोराइडचं व्हार्निश लावलं. दातांच्या कडेने कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या, हवेने दात कोरडे केले आणि इवल्याशा ब्रशने पिवळसर चिकट द्रव डागांवर फासला. दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याचा वास मला चटकन ओळखू आला. व्हायोलिनच्या गजाला घासतात त्या राळेचा! विचारलं तर खरंच त्यात राळ असते. औषध दाताला चिकटून राहावं म्हणून. त्यात पाच टक्के सोडियम फ्लोराइड असतं. म्हणजे फ्लोराइड दर दहा लाख भागांत २२,६०० भाग. आपल्याकडे टूथपेस्टला १,००० ची मर्यादा आहे, त्यावरून ते किती कडक असतं हे कळावं. पण लागतं थोडंसंच. पाव मिलिलिटरमध्ये साधारण साडेपाच मिलिग्रॅम फ्लोराइड येतं आणि तेही दाताला धरून राहून तास-तास सावकाश सुटत राहतं. असं व्हार्निश १९६० च्या दशकात जर्मनीत निघालं, त्याच्या आधी नुसत्या पाण्यात विरघळवलेलं फ्लोराइड लावायचे आणि लाळ ते लगेच धुऊन न्यायची.

लाळ लागली की व्हार्निश घट्ट होतं. दोन तास काही खायचं नाही, त्या दिवशी गरम आणि कडक काही नाही, ब्रश थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. दादर स्टेशनच्या पुलाकडे जाताना वडे तळले जात होते आणि मी जिभेने त्या खडबडीत दातांना चाचपत चालले होते, मांजराच्या जिभेसारखा स्पर्श. रात्री गार दहीभात खाऊन झोपले.

फ्लोराइड नेमकं करतं काय? मला समजलं ते असं. विरघळलेलं खनिज परत बसताना आसपास फ्लोराइड असेल, तर ते स्फटिकात शिरून बसतं. असा स्फटिक मूळच्यापेक्षा चिवट. साध्या एनॅमलला साडेपाच पीएचला पाझर फुटतो, या नव्या स्फटिकाला साडेचारच्या आसपास. म्हणजे डागडुजी केलेली जागा मूळच्या भिंतीपेक्षा पक्की. पण डागडुजीला विटा लागतात, त्या लाळेतून येतात. विटाच नसतील तर नुसता गवंडी काय करणार? म्हणून माझ्या फॅमिली डॉक्टरांशी बोलून रोजची गोळी बंद केली आणि नाकात मारायचा फवारा सुरू झाला.

घरी सांगितल्यावर मामांचा फोन आला. “अगं, फ्लोराइड विष असतं, कुणी लावू नकोस सांगतंय, मला मेसेज आलाय.” मामांना उडवून लावावं असं मला वाटलं नाही, कारण आमच्याच नात्यात त्याचा पुरावा आहे. माझी एक मावशी यवतमाळ जिल्ह्यातली. तिच्या सासरच्या गावात बोअरचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत आणि म्हातारी माणसं पाठीतून वाकलेली. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर दीड. त्यापुढे वर्षानुवर्षं पीत राहिलं तर दात आणि हाडं दोन्ही बिघडतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते पाण्यातून काढायची रीत बसवली, ती याचसाठी. आपल्या मुंबईच्या नळाला येतं ते तानसा, भातसा, वैतरणेत साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात फ्लोराइड फारसं नसतं.

आणि दातांना फ्लोराइड उपयोगी पडतं हा शोधही मुळात डागांमधूनच लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य गेले, तर गावातल्या कितीतरी लोकांचे दात तपकिरी. वर्षानुवर्षं त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे दात दिसायला वाईट असले तरी किडतात कमी. पाण्यातलं फ्लोराइड त्यामागे आहे हे १९३१ मध्ये कळलं. मामांना मी इतकंच म्हटलं की पोटात रोज जाणारं वेगळं आणि तीन महिन्यांतून एकदा दाताला बाहेरून लावलेलं वेगळं. मीठ जास्त झालं की भाजी टाकून द्यावी लागते, म्हणून कुणी अळणी जेवत नाही. मामांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण फोन रागात ठेवला नाही.

व्हार्निशपेक्षा मला जड गेलं ते चूळ सोडणं. रात्री ब्रश केल्यावर फेस फक्त थुंकायचा, पाण्याने खळखळून टाकायचा नाही, म्हणजे पेस्टमधलं फ्लोराइड रात्रभर दातावर राहतं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, तेव्हाच राखण लागते. पण चूळ भरल्याशिवाय तोंड उष्टं वाटतं ना! पहिले चार दिवस मी बेसिनपाशी उभी राहून स्वतःला थांबवायचे. मग जमलं. पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड लिहिलंय का ते वाचून घ्यायचीही सवय लागली. घरात तोवर जी वनस्पतींची पेस्ट येत होती तिच्यात ते नव्हतंच.

आता लेझरबद्दल. फेब्रुवारीत डॉक्टरांनी स्वतःच तो विषय काढला. वरचे दोन दात, जे ओले असतानाही पांढरे दिसत होते, त्यांच्यासाठी. त्यांच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे अंधेरीला कार्बन डायऑक्साइड लेझर आहे, तो कमी ताकदीवर ठेवून एनॅमलवर फिरवता येतो. मला आधीच्या दवाखान्यातलं ‘लेझर मारून पांढरेशुभ्र’ आठवलं आणि मी कचरले. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं की याने दात पांढरे होणार नाहीत. “फ्लोराइड हा वरणभात समजा, लेझर म्हणजे वरचं तूप. काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत याचे परिणाम चांगले दिसलेत. माणसांच्या तोंडात मोठ्या संख्येने, बरीच वर्षं केलेले अभ्यास अजून कमी आहेत. नाही केलंत तरी तुमचे उपचार अपुरे राहणार नाहीत.”

इतकं सरळ सांगितल्यामुळेच मी हो म्हटलं.

त्यामागचं तत्त्व मला फार सुंदर वाटलं. आपल्या एनॅमलच्या स्फटिकांत थोडा कार्बोनेट अडकलेला असतो आणि आम्लाला तोच पहिला बळी पडतो. या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. तो किरण दाताचं खनिज सपकन शोषून घेतं, त्यामुळे उष्णता वरच्या पातळ थरातच राहते. तिथे क्षणाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ काहीशे अंश तापमान होतं, कार्बोनेट उडून जातो आणि मागे राहतो तो जास्त शुद्ध, आम्लाला सहज न विरघळणारा स्फटिक. शिवाय असा तापवलेला पृष्ठभाग फ्लोराइड जास्त धरून ठेवतो. कुंभार कच्चं मडकं भाजतो, ते पाण्याने विरघळायचं थांबतं, तसं काहीसं. फक्त इथे भट्टी केसाहून पातळ.

लेझर पहिल्यांदा पेटला १९६० साली, थिओडोर मेमन यांचा माणकाचा. त्यानंतर चार-पाच वर्षांतच लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी तो दातावर मारून बघितला आणि मारलेली जागा आम्लात कमी विरघळते हे त्यांना दिसलं. पण त्या लेझरने दात आतपर्यंत तापायचा. कार्बन डायऑक्साइडचा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी बनवला. पटेलांचा जन्म बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं! हे कळल्यावर अंधेरीच्या खुर्चीत बसताना माझी भीती का कोण जाणे बरीच कमी झाली.

खोलीच्या दारावर लेझर सुरू असल्याची पाटी लावली, दार आतून बंद. मी, डॉक्टर आणि मदतनीस मुलगी, तिघींनी खास चष्मे घातले. माझी चमकी आणि कुड्या काढून ठेवायला लावल्या, कारण किरण धातूवरून उसळू शकतो. हिरड्यांवर ओली जाळीची पट्टी ठेवली. ओल किरण पिऊन टाकते. दात मात्र कोरडा ठणठणीत. मग एक लाल ठिपका दातावर फिरू लागला. तो फक्त खुणेचा, खरा किरण त्याच्या जोडीने, अदृश्य. बारीक टिकटिक ऐकू येत होती, एकतालाच्या अतिद्रुत लयीहूनही जलद. थोडा वेळ टिकटिक, मग थांबून हवेचा झोत, पुन्हा टिकटिक. दाताच्या आत जिवंत गर असतो, तो साडेपाच अंशांनी जरी तापला तरी दुखावू शकतो. १९६५ साली माकडांच्या दातांवर प्रयोग करून हे दाखवलेलं आहे, आणि म्हणून मध्ये मध्ये थांबणं महत्त्वाचं. मला कोमट श्वास लागल्यासारखं वाटलं, एकदाच सुई टोचल्यासारखी कळ आली. हात वर केला, त्या लगेच थांबल्या. सगळं मिळून वीस मिनिटं. लगेच वरून व्हार्निश, पुन्हा तो राळेचा वास.

उजवीकडच्या सुळ्यावरही डाग होता, पण तिथे हिरडी मागे सरकून मुळाचा भाग उघडा पडलाय. तिथे लेझर नको, नुसतं व्हार्निश, असं त्यांनी ठरवलं. त्यामुळे नकळत माझ्या तोंडात एक तुलना उभी राहिली. सहा महिन्यांनी बघितलं तेव्हा लेझर झालेले दोन्ही दात आणि नुसतं व्हार्निश लावलेला सुळा, तिघांचेही डाग सारखेच आटलेले, खडूसारखा निस्तेजपणा जाऊन चकाकी आलेली. म्हणून लेझरनेच गुण आला असं मी सांगणार नाही. दोन दात आणि एक सुळा यावरून काही सिद्धही होत नाही. माझ्या मते माझा दात वाचवला तो आधी लाळेने, मग फ्लोराइडने. लेझरने हातभार लावला असेल.

एप्रिलमध्ये पुन्हा मेण चघळलं. पाच मिनिटांत सहा मिलिलिटर. तो पेला बघून मला जो आनंद झाला तो एखादी अवघड तान पहिल्यांदा सुटते तेव्हा होतो तसा होता.

मधल्या काळात सगळं सुरळीत चाललं असं नाही. मार्चमध्ये परीक्षांच्या शिकवण्या वाढल्या आणि घसा बसला, तेव्हा दोन दिवस मी पुन्हा डबी उघडली. मग कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवायला लागले, शिकवणी नसताना साखर नसलेलं च्युइंगगम. चहा बिनसाखरेचा करायला तीन आठवडे लागले, आता साखरेचा चहा मलाच पिववत नाही. गोड सोडलं मात्र नाही. गणपतीत गिरगावात राहून प्रसाद नाकारणं शक्य नाही आणि मला ते करायचंही नव्हतं. मोदक जेवणाबरोबर खायचे, दुपारच्या आरतीचे पेढे पुडीत बांधून रात्रीच्या जेवणाला. कोकम सरबत प्यायलं तर लगेच ब्रश नाही, निदान अर्धा तास थांबायचं, कारण आंबटाने एनॅमल मऊ पडलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मी पुढे ढकलत होते. बाईंना सांगायची. त्यांनी दिलेल्या डबीतली खडीसाखर मी टाकून दिली, हे त्यांच्या तोंडावर सांगायचा मला धीर होत नव्हता. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मे महिन्यात ठाकूरद्वारला त्यांच्याकडे गेले, पाया पडले, डबी त्यांच्यापुढे उघडून ठेवली. लवंगा आणि वेलदोडे, खडीसाखरेचा कप्पा रिकामा. सगळं सांगितलं. पांढरे पट्टे, वही, चौदा वेळा.

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पदराआड वळून कवळी काढली आणि पेल्यातल्या पाण्यात ठेवली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर त्यांनी हे कधी केलं नव्हतं.

“माझे वरचे सगळे दात बेचाळिसाव्या वर्षी गेले,” त्या म्हणाल्या. शब्द ओठांतून हवेसारखे निसटत होते, ‘दात’मधला ‘द’ कुठे टेकतच नव्हता. “त्यानंतर मी तराणा गायले नाही. लोकांना वाटलं, आवडेनासा झाला. मला कुणी सांगितलं असतं तर मी खडीसाखर सोडली नसती का गं?”

मला बोलता येईना. त्यांनीच डबी बंद करून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, रिकाम्या कप्प्यात वेलदोडे जास्त घाल.

त्यांची नात सात वर्षांची आहे, नुकत्याच मागच्या दाढा आल्यात. दादरच्या डॉक्टरांना विचारून ठेवलंय. अशा नव्या दाढांच्या खाचा खोल असतात, ब्रश आत पोचत नाही, म्हणून त्या पातळ लेपाने बुजवून घेता येतात आणि जोडीला व्हार्निश. माझी पुढची तारीख शनिवारची आहे. तिलाही सोबत नेतेय, आणि बाई म्हणाल्यात की त्याही येणार, फक्त दादरच्या जिन्यावर हात धर.